गोल्डफिशच्या कल्ल्यांवर पांढरे दाणे: औषध घालू की थांबू?

मदत हवी आहे. 100 लिटरची टाकी, दोन ओरांडा आणि एक शुबंकिन (दोन्ही गोल्डफिशचेच प्रकार). शुबंकिनच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि बाजूच्या परांच्या पुढच्या काट्यावर रव्यासारखे पांढरे दाणे आलेत, तेही अगदी ओळीत. अंग आणि शेपटी स्वच्छ. खायला नेहमीसारखाच हावरट, आणि ओरांडांच्या मागे लागतोय. त्यामुळे मला ही नराची विणीच्या काळातली खूण वाटते. पण कालपासून एक ओरांडा अधूनमधून खड्यांवर अंग घासतेय. तिच्यावर दाणे नाहीत.

अमोनिया, नायट्राइट शून्य, नायट्रेट 20 पीपीएम, तापमान 24. नवा मासा किंवा नवी वनस्पती आणलेली नाही. 30 टक्के पाणी बदललं (क्लोरीन काढून), पण घासणं थांबलेलं नाही. दुकानदाराने मॅलकाइट ग्रीन हे औषध दिलंय, ‘टाका बिनधास्त’ म्हणाला. मला उगाच घालायचं नाही, टाकीत गोगलगायीही आहेत. दुसरीकडे, इक (परजीवीमुळे होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग) असेल तर परजीवी पाण्यात सुटा असतानाच औषध लागू पडतं, म्हणजे एकट्या ओरांडाला टबात हलवूनही भागणार नाही.

नेमकं कोणतं लक्षण दिसलं की औषध सुरू करू, आणि तोवर किती दिवस थांबणं सुरक्षित आहे?