पर्सोना ५ रॉयल : स्विचवर घ्यावा की प्लेस्टेशन ५ वर?

वर्धामार्गी

नमस्कार. पर्सोना ५ रॉयल हा खेळ विकत घ्यायचे नक्की झाले आहे. तो कोणत्या यंत्रासाठी घ्यावा, एवढाच प्रश्न उरला आहे. घरी बैठकीतल्या टीव्हीला प्लेस्टेशन ५ जोडलेला आहे आणि मी व धाकटा भाऊ तो आळीपाळीने वापरतो. शिवाय आत्तेभावाने दुबईहून आणून दिलेला, ओएलईडी पडद्याचा निन्टेन्डो स्विच आहे; पण त्यावर आजवर मी शर्यतीचे किरकोळ खेळच खेळलो आहे.

माझी नोकरी नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत आहे. कंपनीची बस सकाळी छत्रपती चौकातून घेते आणि वर्धा मार्गाने पोहोचायला साधारण तासभर लागतो. परतीचा वेळ रहदारीवर अवलंबून असतो. घरी आल्यावर टीव्ही आधी आईबाबांच्या मालिकांकडे आणि मग भावाच्या फुटबॉलकडे असल्यामुळे मला त्याच्यासमोर निवांत बसता येते ते फक्त रविवारी.

एवढ्यावरून उत्तर स्विच असेच निघते, हे मलाही कळते. परंतु शंभर तासांच्या घरात जाणाऱ्या या खेळाच्या चित्रशैलीची आणि संगीताची एवढी वाखाणणी ऐकली आहे, की तो बसच्या धक्क्यांत, सात इंची पडद्यावर, कानात इअरफोन घालून संपवला तर निम्मी मजा वाया जाईल अशी धास्ती वाटते. स्विचवर हा खेळ सेकंदाला ३० फ्रेमने (म्हणजे ३० चित्रांनी) चालतो आणि प्लेस्टेशन ५ वर ६० फ्रेमने. हा फरक कितपत जाणवतो? तसेच, आठवडाभर स्विचवर खेळून रविवारी तोच डाव प्लेस्टेशनवर पुढे नेता येतो का? दोन्ही आवृत्त्या घेण्याची तयारी नाही, पण सेव्ह नेता येत असेल तर विचार करीन.

रात्रपाळी

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे: नेता येत नाही. ॲटलस या निर्मात्या कंपनीने हा खेळ स्विच, प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स आणि संगणक या सर्वांसाठी २१ ऑक्टोबर २०२२ रोजी एकाच दिवशी आणला, परंतु स्विचवरचा डाव प्लेस्टेशनवर उघडण्याची सोय त्यात ठेवली नाही. इतकेच काय, त्याआधीच्या प्लेस्टेशन ४ च्या आवृत्तीतले सेव्हदेखील प्लेस्टेशन ५ च्या आवृत्तीत चालत नाहीत. तेव्हा ज्या यंत्रावर सुरुवात कराल, त्यावरच शेवट करावा लागेल.

फ्रेमचा फरक खरा आहे आणि दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवल्या तर तो कोणालाही दिसेल. मात्र तो आड येतो कोठे, तर शत्रूचा वार चुकवण्यासाठी नेमक्या क्षणी बटण दाबावे लागते अशा खेळांत. पर्सोनामधली लढाई पाळीपाळीने होते. तुमची पाळी आली की तुम्ही चाल ठरवेपर्यंत शत्रू तसाच उभा राहतो. आग, बर्फ, वीज, वारा यांपैकी त्याला काय सोसत नाही हे ओळखून तोच घाव घातला की तो कोसळतो आणि तुम्हाला आणखी एक चाल मिळते. सगळी झुंज या हिशेबावर चालते आणि या हिशेबाला ३० फ्रेम पुरून उरतात. रॉयल ही ज्याची वाढवलेली आवृत्ती आहे तो मूळ पर्सोना ५ सप्टेंबर २०१६ मध्ये जपानमध्ये प्लेस्टेशन ३ आणि ४ साठी निघाला तोही ३० फ्रेमचाच होता, आणि त्याचे नाव झाले ते त्याच रूपात.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती या खेळाची वीण. टोकियोतल्या एका शाळकरी मुलाचे वर्ष आपण एप्रिलपासून दिनदर्शिकेबरहुकूम जगतो. शाळा सुटल्यावर कोणाला भेटायचे, रात्री अभ्यास करायचा की कामाला जायचे, असे निर्णय घेत एकेक दिवस पुढे सरकतो. असे काही दिवस बसच्या तासात आरामात बसतात आणि शहरात मोकळे फिरत असताना मेनूतून केव्हाही सेव्ह करता येते. अडचण येते ती ‘पॅलेस’ नावाच्या लांबलचक मोहिमांमध्ये, कारण तिथे ठरावीक सुरक्षित खोल्यांमध्येच सेव्ह होते. पण स्विचचे वरचे बटण दाबले की खेळ जागच्या जागी झोपतो आणि संध्याकाळी त्याच पावलावर जागा होतो. प्लेस्टेशन ५ लाही ही सोय आहे. परंतु मध्येच वीज गेली तर थांबवून ठेवलेला डाव पुसला जातो, आणि उन्हाळ्यातल्या आपल्याकडच्या विजेबद्दल मी वेगळे काय लिहू!

टाकळीकर

रात्रपाळी यांचे फ्रेमविषयीचे म्हणणे मान्य आहे, पण त्यांनी निवाडा फार लवकर दिला असे वाटते. प्रश्नकर्त्याची धास्ती निराधार नाही.

हा खेळ लढाईपेक्षा वाचनाचा आहे. संवादांचा मोठा भाग आवाजाशिवाय नुसत्या मजकुरात येतो. तो मराठीत किंवा हिंदीत नाही, म्हणजे इंग्रजीच वाचत राहायचे. दिवसभर यंत्रांच्या आवाजात उभे राहून आलेल्या माणसाने हलत्या बसमध्ये तासभर बारीक वाचन करावे, हे कागदावर जितके सोपे दिसते तितके प्रत्यक्षात नसते. काहींना तर पंधरा मिनिटांत मळमळू लागते. खेळ घेण्यापूर्वी आठवडाभर त्याच बसमध्ये, त्याच स्विचवर दुसरे काहीतरी वाचून पाहावे, असे मी सुचवीन.

दुसरे म्हणजे, या खेळाचे मेनूसुद्धा बघत बसावेत असे आहेत. लाल, काळा आणि पांढरा एवढ्याच रंगांतली ती फाटक्या कागदांची मांडणी, शिगेनोरी सोएजिमा यांनी रेखाटलेली पात्रे आणि शोजी मेगुरो यांचे जॅझच्या वळणाचे संगीत यांचा एकत्रित परिणाम मोठ्या पडद्यावर आणि बऱ्या स्पीकरवर काही निराळाच होतो. प्लेस्टेशन ५ वर हे सगळे ४के स्पष्टतेत दिसते. हातातल्या स्विचवर पात्रांच्या कडा मऊ पडतात आणि दूरचे तपशील धूसर होतात. ओएलईडीचे रंग गडद असल्याने पहिल्या नजरेत ते खपून जाते, इतकेच.

तिसरा मार्गही आहे. प्लेस्टेशनची आवृत्ती घ्यावी, रविवारी टीव्हीवर खेळावे आणि इतर दिवशी फोनवर रिमोट प्ले, म्हणजे घरच्या प्लेस्टेशनवर चालणारा खेळ इंटरनेटवरून फोनवर दाखवणारी सोय, वापरावे. पाळीपाळीच्या लढाईत चित्र क्षणभर उशिरा आले तरी बिघडत नाही.

बर्डीवाला

रिमोट प्लेची सूचना घरातल्या दुसऱ्या खोलीपुरती उत्तम आहे. वर्धा मार्गावर तिचा भरवसा धरू नये. सोनी त्यासाठी किमान ५ एमबीपीएस आणि चांगल्या अनुभवासाठी १५ एमबीपीएस इंटरनेट लागते असे सांगते, आणि तेही घर व फोन अशा दोन्ही टोकांना. चालत्या बसमध्ये, एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाताना, ते सलग तासभर मिळणे कठीण. शिवाय त्या वेळी घरी भाऊ प्लेस्टेशनवर बसला असेल, तर प्रश्नच मिटला.

एका गोष्टीकडे मात्र दोघांनीही लक्ष दिलेले दिसत नाही. ओएलईडी स्विच हे केवळ हातात धरण्याचे यंत्र नाही; त्याच्यासोबत डॉक, म्हणजे टीव्हीला जोडण्याची बैठक, येते. रविवारी स्विच डॉकमध्ये ठेवला की तोच डाव, त्याच क्षणापासून, टीव्हीवर सुरू होतो. फक्त हातात धरून खेळायचा स्विच लाइट असता तर ही सोय नसती. चित्र ४के नसेल आणि फ्रेम ३० च राहतील, पण मोठा पडदा आणि स्पीकर मिळतील, आणि टाकळीकरांनी वर्णन केलेल्या आनंदाचा बराच भाग त्यातच आहे. उलट दिशेने हे शक्य नाही. प्लेस्टेशन बसमध्ये नेता येत नाही.

आता खरेदीविषयी. निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विक्री करत नाही आणि त्यांचे ऑनलाइन दुकानही भारतासाठी उघडलेले नाही, त्यामुळे स्विचचे कार्ट्रिज आयात केलेलेच मिळते. त्याचा भाव दुकानागणिक बदलतो, म्हणून सीताबर्डीवर दोनचार ठिकाणी विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. स्विचला प्रदेशाचे बंधन नसल्यामुळे कार्ट्रिज जपानचे असो वा अमेरिकेचे, ते चालते. फक्त त्यात इंग्रजी भाषा आहे याची खात्री करून घ्यावी. दुबईचे आत्तेभाऊ पुन्हा येणार असतील तर त्यांनाच सांगणे उत्तम.

टीव्हीवरच खेळायचे ठरले आणि तुमच्या प्लेस्टेशनला डिस्कची खाच असेल, तर प्लेस्टेशन ४ ची जुनी रॉयल डिस्क शोधावी. ती प्लेस्टेशन ५ वर चालते आणि नव्या डिस्कपेक्षा स्वस्त पडते. तिच्यात ३० फ्रेमच मिळतात, आणि २०२२ च्या आवृत्तीत आधीपासून समाविष्ट असलेले चाळीसहून अधिक जादा भाग तिच्यात नसतात. ते मुख्यतः पोशाख आणि जादा पर्सोना (लढाईत पात्रे वापरतात त्या शक्ती) असल्यामुळे कथेला काही कमी पडत नाही. मात्र पुढे प्लेस्टेशन ५ च्या आवृत्तीकडे वळायचे झाल्यास कसलीही सवलत नाही. ती पूर्ण किंमत देऊन नव्याने घ्यावी लागते.

उन्हाळ्याचाही विचार करावा. स्विच काय आणि प्लेस्टेशन ५ काय, दोन्ही कंपन्या ५ ते ३५ अंश सेल्सिअस एवढ्याच तापमानात यंत्र वापरायला सांगतात, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. स्विचची बॅग उन्हात उभ्या असलेल्या बसमध्ये ठेवून जाऊ नये. प्लेस्टेशन कूलरच्या झोतासमोर ठेवण्याची पद्धत अनेक घरांत दिसते, तीही चुकीची. हवा गार असली तरी तिच्यातली ओल यंत्राला मानवत नाही.

वर्धामार्गी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डॉकचा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता, कारण तो अजून खोक्यातून बाहेरही काढलेला नाही. स्विचचेच कार्ट्रिज घेतो. आत्तेभाऊ दिवाळीला येणार आहेत, त्यांना कळवले आहे. टाकळीकरांच्या सूचनेप्रमाणे आज परतीच्या बसमध्ये वाचून पाहिले. मळमळ झाली नाही, पण संध्याकाळचे ऊन थेट पडद्यावर येत असल्यामुळे निम्मे दिसत नव्हते. बॅटरीविषयीही एक शंका आहे : जाऊन येऊन दोन तास आणि जेवणाच्या सुटीत थोडा वेळ, एवढे ती भागवते का?

रात्रपाळी

निःसंशय. ओएलईडी स्विचची बॅटरी खेळानुसार साडेचार ते नऊ तास चालते, असे कंपनी सांगते. रोज रात्री चार्जिंगला लावला की काळजी नाही.

उन्हासाठी बसमध्ये उजव्या बाजूला बसा. सकाळी बस दक्षिणेकडे जाते तेव्हा सूर्य डावीकडे असतो आणि संध्याकाळी उत्तरेकडे परतताना तो पश्चिमेला, म्हणजे पुन्हा डावीकडेच, येतो. उजव्या खिडक्या दोन्ही वेळा सावलीत राहतात. हे सगळ्या बसला ठाऊक असते, त्यामुळे जागा मिळवायला पाच मिनिटे आधी यावे लागेल.

जाता जाता, कथा न फोडता एक सूचना देतो, कारण ती न कळल्यामुळे अनेकांचा रॉयलमधला सर्वांत चांगला भाग हुकला आहे. शाळेतले समुपदेशक मारुकी यांच्याशी असलेले नाते खेळातल्या १८ नोव्हेंबरपूर्वी नवव्या पायरीपर्यंत न्यावे. ते झाले नाही तर जानेवारीचे नवे सत्र उघडतच नाही आणि खेळ जुन्या शेवटावर संपतो. खेळ याची आठवण करून देत नाही. बसमध्ये तुकड्यातुकड्याने खेळताना तारखांचे भान सुटते, म्हणून ऑक्टोबर लागला की एक सेव्ह वेगळा ठेवा आणि त्याच्यावर पुन्हा लिहू नका.