नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांचा ठिय्या आणि नागपूरचा संबंध

चौकस:
१ फेब्रुवारी १९६० रोजी अमेरिकेतील ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थ या दुकानाच्या केवळ गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या लंच काउंटरवर जाऊन बसले आणि तेथून या आंदोलनाचे लोण दक्षिणेत पसरले, हे सर्वश्रुत आहे. परंतु टेनेसीतील नॅशव्हिल शहरात १३ फेब्रुवारीलाच शंभराहून अधिक विद्यार्थी इतक्या शिस्तीने ठिय्या देऊन बसले, ते कसे? त्यामागे नागपुरात राहून गेलेले जेम्स लॉसन होते, असे ऐकले आहे. त्यात तथ्य कितपत आहे?

सीताबर्डीकर:
तथ्य निश्चितच आहे. कोरियन युद्धाच्या काळात लष्करभरतीस नकार दिल्याबद्दल तुरुंगवास भोगलेले लॉसन १९५३ मध्ये मेथडिस्ट मिशनरी म्हणून आमच्या हिस्लॉप कॉलेजात आले. मॉन्टगोमेरी शहरातील कृष्णवर्णीयांनी बसमधील वर्णभेदाविरुद्ध पुकारलेल्या बस-बहिष्काराची बातमी त्यांनी वाचली तीही नागपूरच्याच वर्तमानपत्रात. १९५६ मध्ये ते परतले. पुढच्या वर्षी मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना विनाविलंब दक्षिणेत येण्याचा आग्रह केला आणि त्यांनी नॅशव्हिल गाठले.

तेथे चर्चच्या तळघरात त्यांनी घेतलेल्या शिबिरांत डायान नॅश, जॉन लुईस, बर्नार्ड लाफायेट यांच्यासारखे विद्यार्थी घडले. काही जणांनी गोऱ्या गुंडांची भूमिका घेऊन शिवीगाळ करायची, खुर्चीवरून खाली खेचायचे, आणि उरलेल्यांनी हात न उगारता, उलट उत्तर न देता जागेवर टिकून राहायचे, अशी ती तालीम असे. १९५९ च्या अखेरीस शहरातील दोन मोठ्या दुकानांच्या काउंटरवर आपल्याला वाढण्यास नकार मिळतो का, याची चाचपणीही त्यांनी करून ठेवली होती, म्हणजे ग्रीन्सबरोच्याही आधी.

तळटीपकार:
वरील माहिती बरोबर आहे, तरी श्रेयाचे माप जरा बेताने घालावे. लॉसन भारतात येण्यापूर्वीच अहिंसावादी होते. नागपूरने त्या विचाराला खोली दिली, एवढेच म्हणता येईल (नागपूरकरांनी रागावू नये). शिवाय केवळ सोशिकपणामुळे काउंटर खुले झाले नाहीत. २७ फेब्रुवारीला विद्यार्थ्यांना मारहाण झाली, पण अटक झाली ती त्यांनाच, ८१ जणांना. आणि प्रत्येकी ५० डॉलर दंड भरण्याऐवजी अनेकांनी कैद पत्करली. या आंदोलनापायी लॉसन यांना ते शिकत असलेल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने काढून टाकले. त्याच सुमारास, ऐन ईस्टरच्या खरेदीच्या हंगामात, कृष्णवर्णीय ग्राहकांनी बाजारपेठेवर बहिष्कार टाकला आणि दुकानदारांच्या गल्ल्याला झळ बसली, हे माझ्या मते निर्णायक होते. १९ एप्रिलला विद्यार्थ्यांचे वकील लूबी यांच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला. त्याच दिवशी हजारो लोक नगरभवनावर चालून गेले. वर्णावरून भेद करणे चूक आहे असे आपणास वाटते का, असा थेट प्रश्न नॅश यांनी महापौर बेन वेस्ट यांना सर्वांसमक्ष केला आणि ते चूक असल्याचे त्यांना मान्य करावे लागले. १० मे रोजी काउंटर खुले होऊ लागले.

चौकस:
आभार. मग ही मुले पुढे किंग यांच्याच संघटनेत गेली का?

तळटीपकार:
नाही. एप्रिल १९६० मध्ये रॅले येथे किंग यांच्याच संघटनेतील ज्येष्ठ कार्यकर्त्या एला बेकर यांनी भरवलेल्या परिषदेतून विद्यार्थ्यांची स्वतंत्र समन्वय समिती उभी राहिली. कोणा ज्येष्ठांच्या संघटनेची युवा शाखा होऊ नका, असेच बेकर यांचे मत होते. मे १९६१ मध्ये अलाबामातील ॲनिस्टनजवळ बस जाळली गेल्यावर पहिल्या फ्रीडम रायडर्सची (आंतरराज्य बसप्रवासातील वर्णभेदाला आव्हान देण्यासाठी एकत्र प्रवास करणाऱ्या गोऱ्या-काळ्या कार्यकर्त्यांची) यात्रा खंडित झाली, तेव्हा ती पुढे नेण्यासाठी नव्या तुकड्या पाठवल्या त्या नॅश यांनी, नॅशव्हिलहूनच.