मदत हवी आहे: अलेसियाचा दुहेरी वेढा
मंडळी, इ.स.पू. 52 च्या अलेसियाच्या (आजच्या फ्रान्समधलं, तेव्हाच्या गॉल लोकांचं तटबंदीचं गाव) वेढ्यातली एक गोष्ट डोक्यात बसत नाहीये. रोमन सेनापती सीझरने गॉलांचा नेता व्हर्सिंजेटोरिक्सला तिथे कोंडायला 11 रोमन मैलांची तटबंदी घातली आणि बाहेरून गॉलांची कुमक येतेय कळल्यावर पाठीमागे अजून 14 मैलांची, म्हणजे स्वतःच मधे अडकून बसला की राव! पुढे खंदक, शिवाय खड्ड्यांत टोकं जाळून कडक केलेले खुंट रोवून वर काटक्या पसरलेल्या, शिपाई त्याला ‘लिली’ म्हणायचे (काय पण नाव). तर प्रश्न असा की लाकूड तोडायला, धान्य आणायला माणसं लांब गेलेली असताना आतल्यांचे हल्ले कसे थोपवले? आणि आलीस-सांत-रेनच्या (फ्रान्समधलं गाव, तेच अलेसिया मानतात) उत्खननातले खंदक सीझरच्या मापांशी जुळतात का, कोणी नीट वाचलंय?