रोजच्या वाचनासाठी वेगवेगळ्या बाजूंचे पेपर कसे निवडावेत?

पिंपळपार
घरी एकच मराठी पेपर येतो, बाकी सगळं फोनवर. एकाच बाजूचं वाचून होतंय अशी शंका आहे. सकाळी साधारण ४० मिनिटं देता येतील. राज्याचं राजकारण आणि सरकारी निर्णय हवेत. क्रिकेट, राशिभविष्य नको. एक डावा, एक उजवा पेपर लावला की भागतं का? चॅनल बघावेत का? नावं घेऊन सांगितलंत तर बरं.

खिळेजुळारी
डावं-उजवं हे माप मराठी दैनिकांना नीट बसत नाही. इथे आधी मालक बघायचा. 'लोकमत' दर्डा कुटुंबाचा. जवाहरलाल आणि राजेंद्र दर्डा दोघेही काँग्रेसचे मंत्री होते. 'सकाळ' प्रतापराव पवारांच्या घरातला, म्हणजे शरद पवारांच्या धाकट्या भावाकडचा. 'लोकसत्ता' एक्सप्रेस समूहाचा, 'महाराष्ट्र टाइम्स' टाइम्सवाल्यांचा, 'दिव्य मराठी' भास्करवाल्यांचा. 'सामना' उघडउघड ठाकरेंच्या शिवसेनेचं मुखपत्र आणि नागपूरचा 'तरुण भारत' संघविचाराचा. शेवटच्या दोघांचा फायदा असा की त्यांची बाजू शोधत बसावी लागत नाही. पक्षाची किंवा परिवाराची आजची भूमिका काय, हे कळायला त्यांच्याइतकी सोपी जागा नाही. घटना घडली की नाही हे मात्र दुसरीकडे ताडून घ्यायचं.

बेळगावचा 'तरुण भारत' वेगळा, त्याचा नागपूरच्या पेपरशी संबंध नाही. ही गल्लत फार होते.

मालक माहीत नसेल तर पेपरच्या तळाशी बारीक टायपातली ओळ वाचा. मुद्रक, प्रकाशक, संपादक तिथे छापावेच लागतात. १८६७च्या जुन्या कायद्याखालच्या नियमांप्रमाणे दरवर्षी फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात 'फॉर्म ४' छापायचा असे, त्यात एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेल्यांची नावं असत. मार्च २०२४पासून नवा कायदा लागू झाला, पण त्याआधीच्या कुठल्याही वर्षाचा मार्चच्या सुरुवातीचा अंक काढलात तर चौकट सापडेल.

एकाच घरातले दोन धरू नका. 'लोकसत्ता' आणि 'इंडियन एक्स्प्रेस', 'मटा' आणि 'टाइम्स ऑफ इंडिया', 'सकाळ' आणि साम टीव्ही. संपादक वेगळे असतात, मतंही कधीकधी वेगळी असतात, तिजोरी एकच असते.

शाईचा डाग
वरचं पटलं, पण मालक कळला म्हणजे बातमी कळली असं नाही. बातमी कुठून आली ते बघा. ठिकाणाच्या नावाशेजारी 'पीटीआय' किंवा 'वृत्तसंस्था' लिहिलं असेल तर तीच बातमी चार पेपरांत वाचून तुम्ही चार बाजू वाचलेल्या नसतात. 'विशेष प्रतिनिधी' असेल तर ती त्या पेपरने स्वतः काढलेली. पहिलं पान उघडलं की आधी हे दोन ढीग मनात वेगळे करायचे.

४० मिनिटं अशी वाटा. १५ मिनिटं घरच्या पेपरला, पण राज्य आणि अर्थ ही पानं आधी. १० मिनिटं दुसऱ्या मालकाच्या पेपरचा ई-पेपर, ॲप नव्हे. ॲपवर जास्त क्लिक मिळतील ते वर येतं. ई-पेपरमध्ये संपादकाने काय पान एकवर घेतलं आणि काय पान सातवर ढकललं ते दिसतं. बाजू कळते ती तिथूनच. ५ मिनिटं मुखपत्रांना, एक दिवस 'सामना', एक दिवस 'तरुण भारत', फक्त अग्रलेख. उरलेली १० मिनिटं मूळ कागदाला.

कागद का? २०२५चा तिसऱ्या भाषेचा वाद घ्या. १६ एप्रिलच्या शासन निर्णयात पहिलीपासून हिंदी 'अनिवार्य' होती. १७ जूनच्या सुधारित निर्णयात तो शब्द गेला आणि हिंदी 'सर्वसाधारणपणे' तिसरी भाषा राहील असं आलं. एकीकडे 'सक्ती मागे', दुसरीकडे 'मागच्या दाराने सक्ती' असा सूर. दोन्हींना आधार होता. हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा घेता येईल असं जीआरमध्ये होतंच, पण इयत्तेत किमान २० विद्यार्थी तयार असले तर शिक्षक, नाहीतर ऑनलाइन शिकवणी. ही २०ची अट वाचली की कोणाचं मथळ्यात किती ताणलंय ते आपोआप कळतं. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले. राज्य शासनाच्या संकेतस्थळावर जीआर विभाग आणि तारीख टाकून शोधता येतात, मराठीतच असतात. केंद्राच्या विधेयकांसाठी 'पीआरएस' या संशोधन संस्थेचे गोषवारे बघा.

उलटटपाली
वरचं सगळं मुंबई-पुण्याच्या अंकाबद्दल झालं. जिल्हा आवृत्तीचं गणित निराळं. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन नावापुरतं आणि जाहिरातीवर कमिशन, हा सर्रास प्रकार आहे. मग जो आमदार वाढदिवसाची चार पानी पुरवणी देतो त्याच्या विरोधातली बातमी कोण लावणार? तिथे पेपर कुठल्या विचाराचा हा प्रश्नच गौण, जाहिरातदार कोण हा खरा. यावर उपाय सोपा आहे. वाढदिवसाच्या पुरवण्या कोणाच्या आल्या याची वर्षभर नोंद ठेवा आणि त्या माणसाच्या बातम्यांसाठी दुसरा पेपर वापरा.

निवडणुकीत तर विशेष जपा. २००९च्या विधानसभेच्या वेळी एकाच नेत्याचं कौतुक करणारा जवळपास शब्दशः सारखा मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत वेगवेगळ्या नावांनी आला होता, ते प्रकरण पुढे निवडणूक आयोगापर्यंत गेलं. प्रचाराच्या काळात उमेदवाराचा फोटो, नुसती स्तुती, विरोधकाची एक ओळही नाही आणि कोपऱ्यात 'प्रायोजित', 'इम्पॅक्ट फीचर' किंवा काहीच नाही, असा मजकूर दिसला की ती जाहिरात समजून पान उलटा.

आणि रोज अग्रलेख वाचायची गरज नाही. विचारांची बाजू समजून घ्यायची तर आठवड्याला एकदा 'साधना' आणि 'विवेक' शेजारी ठेवून वाचा. पहिलं समाजवादी वळणाचं, दुसरं संघाच्या. रोजच्या धबडग्यात दोन्हीकडे जे नेमकेपणाने मांडलं जात नाही ते तिथे मिळतं.

मांडवीकाठ
गोव्यातल्यांसाठी: 'गोमन्तक' सकाळ समूहाचा, 'नवप्रभा' डेंपो उद्योगसमूहाचा. डेंपोंनी खाणी २००९मध्ये विकल्या, तरी उद्योगांच्या बातम्या वाचताना हे ध्यानात असू द्या. म्हादई नदीच्या पाण्याचा गोवा-कर्नाटक वाद असेल तर कर्नाटकातली बाजूही वाचल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. फक्त पणजीचे पेपर वाचून पाणी कोणाचं ते ठरवता येणार नाही.

पिंपळपार
आभार. चॅनलचं राहिलं. आणि ग्रुपवर रोज पेपरांची कात्रणं येतात, त्यांचं काय?

शाईचा डाग
संध्याकाळच्या चर्चा सोडा, त्यात माहिती नसतेच. पत्रकार परिषद किंवा विधानसभेतलं भाषण मुळातून पूर्ण ऐका, तुकडा नको. यूट्यूबची वॉच हिस्टरी बंद करून साठवलेली पुसली की मुखपृष्ठ रिकामं होतं, मग आपण शोधू तेवढंच दिसतं.

कात्रणावर तारीख आणि आवृत्ती नसेल तर विश्वास ठेवू नका. असेल तर त्या तारखेचा त्याच आवृत्तीचा ई-पेपर उघडून पान जुळवा. पुणे आवृत्तीची बातमी नागपूरच्या अंकात नसणं स्वाभाविक आहे, त्यावरून लगेच खोटं ठरवू नका. बनावट कात्रणात बहुधा टाइप फसतो: मथळ्याचा फाँट त्या पेपरचा नसतो, किंवा स्तंभांची रुंदी शेजारच्या बातमीशी जुळत नाही.