'ताई, माझं पायथॉन उघडतच नाही': इन्स्टॉलेशनच्या वेळचे अनुभव लिहा

परवा पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या एका कार्यशाळेत मदतनीस होते. दहा वाजता सगळ्यांचा पहिला प्रोग्रॅम चालवायचा बेत होता. तो चालला तेव्हा जेवणाचे डबे आले होते. बायकांना प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या जँगो गर्ल्सच्या कार्यशाळा २०१४ साली बर्लिनमध्ये सुरू झाल्या. त्यांच्यात आदल्या संध्याकाळी वेगळी 'इन्स्टॉलेशन पार्टी' का ठेवतात, ते आता कळलं.

माझी सुरुवात: विंडोजवर पायथॉनच्या इन्स्टॉलरमध्ये खाली 'पाथ'चा (पायथॉन कुठे आहे ते विंडोजला कळवण्याचा) एक चौकोन असतो. त्यात आपणहून टिक करावी लागते, आणि घाईत ती निम्म्या जणींची राहते. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, 'पायथॉन' टाइप केलं की मायक्रोसॉफ्ट स्टोअरचं पान उघडतं. एकीने हळूच विचारलं, "ताई, पैसे भरायचेत का?" खरं तर अशा वेळी नुसतं 'पीवाय' टाइप करूनही बऱ्याचदा काम भागतं.

तुमचेही किस्से येऊ द्यात. शिकवणाऱ्यांचे आणि शिकणाऱ्यांचेही.

*

तालुक्याच्या कॉलेजात चाळीस मुलं आणि एक राउटर. कोड लिहायच्या एडिटरचा इन्स्टॉलर शंभरेक एमबीचा. सगळ्यांनी एकदम डाउनलोडला लावला, कुणाचाच पुरा होईना. पुढच्या वर्षी शहाणे झालो. चार पेनड्राइव्ह घेतले, ३२ बिट आणि ६४ बिटचे इन्स्टॉलर वेगळ्या फोल्डरांत ठेवले, लागणारी पॅकेजेस (इतरांनी लिहिलेल्या कोडचे तयार गठ्ठे) ती उतरवणाऱ्या पिप या प्रोग्रॅमच्या 'पिप डाउनलोड' कमांडने आधीच घेऊन ठेवली. पिपला 'नो-इंडेक्स' आणि 'फाइंड-लिंक्स' हे दोन पर्याय दिले की ते नेटकडे बघतही नाही, फोल्डरातूनच उचलतं.

तरी एक गडी अडलाच. त्याचं विंडोज ७. पायथॉन ३.९ पासून पुढचं काहीच त्यावर चालत नाही, ३.८ घालावं लागतं. ते मिळालं, पण उतरवलेली पॅकेजेस पायथॉनच्या नव्या आवृत्तीसाठीची! शेवटी माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट त्याला दिला आणि दिवसाचा डेटा संपवला.

*

एवढा व्याप कशाला? ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडा, दोन मिनिटांत कोड चालतो.

*

धागाकर्तीच. कोलॅब मीही वापरते, पण त्याला नेट लागतं. आमच्याकडे आलेल्या बऱ्याच मुलींच्या घरी नेट म्हणजे वडिलांचा मोबाइल, तोही रात्री ते घरी आल्यावर.

*

मी शिकायला गेले होते. लॅपटॉप दिरांचा, दोन वर्षं कपाटात पडलेला. पिपची कुठलीही कमांड दिली की लाल अक्षरांत सर्टिफिकेटची (वेबसाइटची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याची) तक्रार. आधी एक दादा आला, मग दुसरा. दोघांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला, भराभर काहीबाही टाइप केलं. मी वीस मिनिटं त्यांची पाठ बघत बसले. आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं सारखं वाटत होतं.

मग एक कॉलेजातली मुलगी आली. खुर्ची ओढून बाजूला बसली आणि म्हणाली, "काकू, खाली उजवीकडे तारीख काय दिसतेय?" १ जानेवारी २०१५! आतला छोटा सेल गेला होता, त्यामुळे चार्जर काढला की घड्याळ मागे जायचं. त्या तारखेच्या हिशेबाने सर्टिफिकेटची मुदत अजून सुरूच झाली नव्हती. तारीख मी बदलली, कमांड मी दिली. तिने माउसला हातही लावला नाही.

आता मीही मदतीला जाते. नव्या मदतनिसांना पहिलं हेच सांगते: हाताची घडी घाला, तोंडावर बोट मात्र नको.

*

नोटपॅड! फाइलच्या नावाला 'पीवाय' हे पायथॉनचं एक्स्टेन्शन (नावाचं शेपूट) लावून सेव्ह केली असं पोरगं शपथेवर सांगतं, आणि मागे लपलेलं 'टीएक्सटी' असतं. मी हल्ली आल्या आल्या सगळ्यांना एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शन दाखवायची सेटिंग चालू करायला लावतो.

*

शिक्षकांची कार्यशाळा होती. एका गुरुजींचा कीबोर्ड इनस्क्रिप्ट या मराठी मांडणीवर राहिलेला. स्क्रीनवर मजकूर दाखवणाऱ्या इंग्रजी 'प्रिंट' कमांडची पाच अक्षरं त्यावर बडवली की 'जीगलू' उमटतं. पायथॉन म्हणालं, 'जीगलू' नावाचं काही माहीत नाही. सगळा वर्ग हसला.

गुरुजी मात्र हसले नाहीत. "माहीत नाही म्हणतंय, म्हणजे हे नाव म्हणून त्याला चालतं का?" चालतं. पायथॉन ३ मध्ये देवनागरी नावं ठेवता येतात. त्यांनी कीबोर्ड बदलत बदलत 'जीगलू', बरोबरचं चिन्ह आणि इंग्रजीत 'प्रिंट' असं लिहिलं, म्हणजे जीगलू हे प्रिंटचंच दुसरं नाव झालं. मग जीगलूच्या कंसात, अवतरणचिन्हांत, 'नमस्कार' घातलं. एंटर.

नमस्कार उमटला. दुपारपर्यंत अर्ध्या वर्गाचं प्रिंट बंद आणि जीगलू सुरू.