कमलताईंची परळची प्रयोगशाळा

कमल रणदिवे यांची ओळख करून देताना बरेचदा 'पद्मभूषण मिळालेल्या कर्करोग संशोधक' एवढ्यावरच थांबलं जातं. मला ती अपुरी वाटते. ज्यांच्या प्रयोगशाळेत हेला पेशी, म्हणजे शरीराबाहेर अखंड वाढत राहणाऱ्या पहिल्या मानवी पेशी, प्रथम वाढल्या, त्या जॉर्ज गाय यांच्याकडे बॉल्टिमोरला त्यांनी काम केलं आणि मुंबईत परतून देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. शरीराबाहेर पेशी जगवायची म्हणजे ऊब, पोषण, निर्जंतुकपणा सगळं तान्ह्या बाळासारखं जपायचं, तेही त्या काळच्या परळमध्ये! स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध मांडणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत त्या होत्या.

शिवाय १९७३ साली त्यांनी सहकाऱ्यांसोबत स्थापन केलेली भारतीय महिला वैज्ञानिक संघटना. वाशीला तिचं वसतिगृह आहे, पाळणाघरही. संशोधन करणाऱ्या आईला पाळणाघर लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं.