बॉयलरच्या नळ्यांवर खार बसतोय: सॉफ्टनर घेऊ की आरओ?

सावद्याचा केळीवाला (३ एप्रिल)

राम राम मंडळी. सावद्याजवळ आमचं केळीच्या गराचं छोटं युनिट आहे, सुरू होऊन दोन वर्षं झाली. ब्रिकेटवर (भुसा-काडीकचरा दाबून केलेलं जळण) चालणारा ताशी ४०० किलो वाफेचा बॉयलर आहे. मागच्या महिन्यात वार्षिक तपासणीसाठी तो उघडला आणि आतलं बघून माझ्या पोटात गोळाच आला. नळ्यांवर पांढरट-पिवळा थर, जुन्या एक रुपयाच्या नाण्याएवढा जाड. हातोडीने हलकं ठोकलं तर भिंतीचे पोपडे निघावेत तसे तुकडे पडले. ब्रिकेट का जास्त लागताहेत याचा सहा महिने शोध घेत होतो, त्याचं उत्तर त्या पोपड्यात होतं.

मला जास्त लागलं ते असं, की पाण्यावर मी खर्च केलेला होता. युनिट उभारताना ज्यांनी प्लांट बसवला त्यांनी सँड फिल्टर आणि कार्बन फिल्टर दिला, "आता पाणी एकदम साफ" म्हणाले. शेतात ठिबकला सँड फिल्टर आम्ही वीस वर्षं वापरतोय, त्यामुळे मलाही ते पटलं. पाणी दिसायला आजही काचेसारखं आहे.

बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट आता काढून घेतला: टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ११८०, एकूण कठीणपणा (कॅल्शियम-मॅग्नेशियम) ६१०, अल्कलिनिटी (मुख्यतः बायकार्बोनेट) ४२०, क्लोराइड २१०, सिलिका ३८, लोह ०.२ (सगळं मिलिग्रॅम प्रति लिटर), पीएच ७.६. रोजचा वापर असा: बॉयलरला ३५०० लिटर, गराला आणि भांड्यांच्या शेवटच्या धुण्याला २०००, केळी धुवायला ६०००. मे महिन्यात बोअर दमला की टँकर येतो.

तीन कोटेशन हातात आहेत. एक मोठ्या सॉफ्टनरचं (पाण्याचा कठीणपणा काढणारं यंत्र), एक ताशी १००० लिटरच्या आरओचं, आणि एक पाइपला बाहेरून लावायच्या चुंबकाचं, जे सगळ्यात स्वस्त आहे. नेमकं काय घ्यावं? आणि आरओचं वाया जाणारं पाणी केळीला सोडलं तर चालेल का?

अवधान धुळे (३ एप्रिल)

भाऊ, चुंबकाच्या नादी लागू नका. आमच्या शेजारच्या शेडमध्ये लावला होता, वर्षभरात नळ्या तशाच भरल्या. आमच्याकडे सॉफ्टनर आहे, चार वर्षं झाली, बॉयलर स्वच्छ आहे. फक्त मिठाची टाकी रिकामी राहू देऊ नका. मागच्या दिवाळीत आमचा माणूस सुट्टीवर गेला, मीठ कुणी टाकलं नाही आणि आठ दिवस कच्चं पाणी बॉयलरमध्ये जात राहिलं. सॉफ्टनर असल्याने कुणी तपासलंही नाही. त्या आठ दिवसांनी बरीच मेहनत वाया घालवली.

दीपनगर नाना (४ एप्रिल)

केळीवाले भाऊ, मी दीपनगरच्या वीज केंद्रात डीएम प्लांटवर (पाण्यातले क्षार काढायचा प्लांट) नोकरी केली, आता निवृत्त आहे. तिथे आम्ही वाफेतली सिलिका पीपीबीमध्ये मोजायचो, म्हणजे एक अब्ज भागात किती भाग. तुमच्या छोट्या बॉयलरला एवढं शुद्ध पाणी लागत नाही, पण विचार करायची रीत तीच.

पहिली गोष्ट, तुमच्या सँड फिल्टरचा काही दोष नाही. चहात साखर विरघळल्यावर चहा गाळला तर साखर गाळणीत राहते का? वाळू अडवते ती माती, रेती, शेवाळ, पाण्यात तरंगणारं सगळं. ठिबकची छिद्रं त्यानेच बुजतात म्हणून शेतात वाळूचा फिल्टर लागतो, बोअर रेती टाकत असेल तर त्याच्या आधी पाणी गरगर फिरवून रेती वेगळी करणारा हायड्रोसायक्लोनही लागतो. तुमचे कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळलेले आहेत. ते वाळूतून जातात, कार्बनमधून जातात, अगदी अल्ट्राफिल्ट्रेशनच्या अतिबारीक गाळणीतूनही जातात. युव्ही तर काहीच अडवत नाही, फक्त जंतू मारतो आणि तेही पाणी नितळ असेल तरच.

आता तुमचाच हिशोब करू. ३५०० लिटर गुणिले ६१० मिलिग्रॅम म्हणजे २१३५ ग्रॅम. चुनखडीच्या मापात रोज दोन किलोच्या वर चुना तुम्ही बॉयलरमध्ये ओतताय. थोडा ब्लोडाउनबरोबर (बॉयलरमधलं खारं पाणी मुद्दाम बाहेर सोडतो ते) जातो, बाकीचा नळ्यांवर बसतो. थर उष्णता पाण्यापर्यंत पोचू देत नाही, म्हणून ब्रिकेट वाढतात आणि नळीचा धातू आतून जास्त तापतो. भीती त्या तापलेल्या नळीची आहे.

सॉफ्टनर काय करतो तर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतो आणि बदल्यात सोडियम देतो. एक लिटर रेझिन (सॉफ्टनरमधले बारीक मणी) साधारण ५० ग्रॅम कठीणपणा धरतं. ७५ लिटर रेझिन घेतलं तर कागदावर सहा हजार लिटर पाणी निघेल, तुम्ही पाच हजारांवरच रिजनरेशन (मिठाच्या पाण्याने रेझिन परत ताजं करणं) धरा. म्हणजे जवळजवळ दीड दिवसाला एकदा, दर वेळी अकरा किलो मीठ. धुळ्याच्या भाऊंचं म्हणणं खरं आहे, खार त्याने नक्की थांबेल. पण टीडीएस ११८०चा ११८०च राहतो, कारण क्षार गेले नाहीत, फक्त बदलले. आणि पाण्याची वाफ झाली की क्षार मागे बॉयलरमध्येच साचतात. तुमच्यासारख्या बॉयलरला आतलं पाणी ३५०० टीडीएसच्या वर जाऊ द्यायचं नाही. म्हणजे ११८० भागिले ३५००: आत घातलेल्या पाण्यातलं एक तृतीयांश ब्लोडाउनमध्ये सोडावं लागेल. चांगलं तापवलेलं हजार-बाराशे लिटर पाणी रोज नालीत, ब्रिकेटसकट. दुसरं असं, की तुमची अल्कलिनिटी ४२० आहे. सॉफ्टनरनंतर ती सोडियम बायकार्बोनेटच्या रूपात आत जाते, बॉयलरमध्ये फुटून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि वाफ थंड झाल्यावरच्या पाण्यात मिसळून पाइप आतून खातो. गंजाचं तांबूस पाणी तुम्ही पाहिलंही असेल.

म्हणून माझ्या मते छोटा आरओ आणि त्याच्या *मागे* छोटा सॉफ्टनर. सॉफ्टनर आरओच्या आधी, म्हणजे पुढे नको. आरओनंतर टीडीएस पन्नास-साठवर येतो आणि ब्लोडाउन दोन टक्क्यांच्या आत. कठीणपणा तरीही दहा-पंधरा राहतो, आणि बॉयलरला पाचच्या आत हवा. तो उरलेला काढायला २५ लिटर रेझिन पुरतं, दोन-तीन आठवड्यांनी चार किलो मीठ टाकलं की झालं. सॉफ्टनर पुढे लावला तर रोज मीठही जाईल आणि ते खारं पाणी कुठे सोडायचं हा प्रश्नही रोजचा.

आणि हजार लिटरचा आरओ घेऊ नका. बॉयलर आणि गर मिळून ५५०० लिटर, ताशी ५०० लिटरचा आरओ अकरा तासांत तेवढं देतो. केळी धुवायला आरओ कशाला? ते सहा हजार लिटर सँड फिल्टरच्या पाण्यावर होतं, क्लोरीनची मात्रा बघून टाका. शंभर टक्के पाण्याला एकच मशीन लावून टाकायची सवय सगळीकडे आहे, आणि तिथेच पैसा बुडतो.

सावद्याचा केळीवाला (४ एप्रिल)

नाना, तांबूस पाणी रोज दिसतं! आम्ही ते सगळं गटारात सोडतो. आरओ अकरा तास चालला तर वाया किती जाईल? आणि आतला खार काढायला ठिबकला सोडतो तसं ॲसिड सोडू का?

दीपनगर नाना (४ एप्रिल)

ॲसिड अजिबात सोडू नका. ठिबकची नळी प्लास्टिकची असते, ॲसिड फक्त क्षार खातं. बॉयलरमध्ये ते क्षाराबरोबर लोखंडही खातं. त्यात लोखंड वाचवणारं इनहिबिटर घालावं लागतं, वेळ मोजावी लागते, नंतर ते उदासीन करावं लागतं. शिवाय चुना विरघळताना गॅस सुटतो. हे काम जाणकार माणसाकडूनच, झाकणं उघडी ठेवून.

ते तांबूस पाणी म्हणजे तुमचा कंडेन्सेट, वाफेचं परत झालेलं पाणी. जॅकेटच्या (दुहेरी भिंतीच्या) कढईतून येत असेल, गराला लागत नसेल, तर त्याहून चांगलं पाणी तुम्हाला विकत मिळणार नाही. गरमही आहे. गंज थांबला की ते बॉयलरला पाणी देणाऱ्या फीड टाकीत परत घ्या. त्याने आरओचं कामही कमी होईल.

वाया किती: आरओ ६० टक्क्यांवर चालवा, म्हणजे शंभर लिटर घातलं तर साठ शुद्ध निघेल. ७५ वर नेला तर तुमची ३८ सिलिका चौपट होऊन दीडशेच्या वर जाते आणि मेम्ब्रेनवर (आरओच्या आतल्या पडद्यावर) बसते, ती काढायला फार अवघड. ६० वर ती ९५ च्या आसपास राहते. अँटिस्केलंटचा (क्षार बसू न देणारं औषध) डोसिंग पंप मात्र हवाच, त्यात काटकसर नको. ताशी साधारण ३३० लिटर रिजेक्ट (वाया जाणारं पाणी), दिवसाला साडेतीन-पावणेचार हजार, टीडीएस २९००च्या जवळपास.

आणखी एक. कार्बन फिल्टर बोअरच्या पाण्याला लागत नाही, क्लोरीन नसताना त्यात जंतूच वाढतात. पण मे मध्ये टँकरमध्ये ब्लीचिंग टाकलेलं असतं आणि क्लोरीन मेम्ब्रेन कायमचा जाळतो. म्हणून कार्बन ठेवा, बायपास लावून ठेवा. आणि पत्र्यावरची काळी टाकी आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये चांगलीच तापते. ४५ अंशांच्या वरचं पाणी मेम्ब्रेनला द्यायचं नाही. टाकी खाली सावलीत आणा.

यावल शेतकरी (५ एप्रिल)

रिजेक्ट केळीला सोडू नका भाऊ, हात जोडून सांगतो. केळी क्षाराला फार नाजूक, पानाच्या कडा जळायला लागतात आणि घड भरत नाही. माझ्या खालच्या तुकड्यात बोअर खोल गेला तसं पाणी बिघडलं आणि ते मी डोळ्यांनी बघितलं. आपल्या यावल-रावेरच्या पट्ट्यात पाणी दरसाल खाली चाललंय. जे उपसताय ते दोनदा वापरायची सोय करा, पण झाडाच्या मुळाशी मीठ नको.

सावद्याचा केळीवाला (१७ ऑगस्ट)

उशिरा लिहितोय, आधी काम पुरं करायचं होतं. ५०० लिटरचा आरओ जूनमध्ये बसला, मागे २५ लिटरचा सॉफ्टनर. टाकी खाली आणली, वर गोणपाट टाकला. नळ्या जाणकारांकडून साफ करून घेतल्या. रिजेक्टची वेगळी टाकी बांधली, त्यावर क्रेट, फरशी आणि शौचालय चालतं. क्रेटला चिकाचे डाग असतात, ते त्या पाण्यानेही निघतात.

कंडेन्सेट आता फीड टाकीत परत येतो. पहिले पंधरा दिवस तो तांबूसच होता, म्हणून गटारात सोडला. नंतर नितळ झाला.

नानांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे कठीणपणा तपासायचं किट आणलं. सॉफ्टनरचं पाणी बाटलीत घेऊन बफर आणि पूड टाकली की रंग जांभळट लाल होतो की थेट निळा, एवढंच बघायचं. निळा म्हणजे कठीणपणा नाही. लाल झाला तर तो आहे, मग निळा होईपर्यंत ईडीटीएचे (किटमधलं द्रावण) थेंब मोजायचे. हे काम मी रोज सकाळी बॉयलर पेटवायच्या आधी स्वतः करतो आणि वहीत लिहितो. मागच्या गुरुवारी रंग लालसर आला, चार थेंब लागले तेव्हा निळा झाला. लगेच मीठ दिलं, तासाभराने परत तपासलं, पूड पडताच निळा. धुळ्याचे भाऊ, तुमची दिवाळीची गोष्ट लक्षात होती म्हणून त्या दिवशी बॉयलर दीड तास उशिरा पेटवला.

ब्रिकेटचा हिशोब पूर्ण हंगामाचा झाला की टाकतो. नाना, मार्चच्या तपासणीला बॉयलर उघडू तेव्हा तुम्ही या, भुसावळहून गाडी पाठवतो.